मालगाडीतून गेलेले डेलिया

पौषाची थंडी पडली की डोंबिवलीत नव्या बंगल्यांपुढे डेलिया उभे राहतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी परवापरवापर्यंत भातखाचर होते. आता तिथे कंपाऊंड आहे, कंपाऊंडात वाफा, वाफ्यात कामट्यांना सुतळीने बांधलेली डेलियाची झाडे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज सकाळी मफलर गुंडाळून त्यांच्यापुढे उभे असतात. परवा मी सभेच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन चालले होते, तर त्यांनी फाटकातून हाक मारली, "अहो बाई, एक पत्रक द्या बघू." मला बरे वाटले. त्यांनी पत्रक हातात घेतले, उलटे केले, कोरी बाजू अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "कागद चांगलाय. बी ठेवायला होईल."

राग यायला हवा होता. आला नाही, कारण आमच्या घरीही पत्रकांचे तेच होत असे.

माझा मामा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता. रविवारी तो आमच्याकडे येई तेव्हा त्याच्या पिशवीत वाटून उरलेली पत्रके असत. घरात दुसरे वाचायला फारसे काही नव्हते. मी अक्षरे गिरवली ती त्या पत्रकांवरून. मला 'बदक'च्या आधी 'बहिष्कार' लिहिता येत होते. मी वाचून झाले की आई त्या कागदांच्या पुड्या करी. संपाच्या हाकेच्या पोटात झिनिया, भाडेवाढीच्या निषेधात कॉसमॉस. एका पुडीवर घडीमुळे 'जागे व्हा' एवढेच शब्द वर आले होते. आत तेरडा होता. मामा ते बघून म्हणे, "आक्का, लोक हे वाचून पेटावेत म्हणून छापतो आम्ही." आई म्हणे, "पेटले की सांग. तोवर बी कोरडं राहतं."

माझी शाळा संपत आली तेव्हा माझे वडील, अण्णा, कल्याणच्या पुढे, टिटवाळ्याच्या बाजूच्या एका लहान स्टेशनचे मास्तर होते. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षे झाली असतील. रुळांचे सांधे बदलायला काशिनाथ, पडेल त्या कामाला दोन खलाशी आणि फलाटाच्या टोकाला आमचे क्वार्टर. स्टेशन केवढेही असो, बाग हवीच, असा रेल्वेचा शिरस्ता होता. तिरप्या लावलेल्या विटांना चुना, कुंड्यांना गेरू, कुंडीच्या काठाला पांढरा पट्टा, उतारावर कर्दळीच्या रांगा. घाटाकडे जाणारे उतारू खिडकीतून बघत, आणि गाडी हलली की विसरत. बाग कुणाची, तर स्टेशन मास्तरांची. अण्णांना खात्रीने ओळखता येणारे झाड एकच, तुळस, आणि ती बागेत नव्हती, आमच्या दारात होती.

बाग आईची होती. तिचा वास मला आजही येतो, आणि तो सुगंध नव्हे. शेंगदाण्याची पेंड पाण्यात भिजत घातलेला डबा क्वार्टरच्या मागे असे, आणि वारा फिरला की तिकीट घेणारा माणूस नाकाला रुमाल लावी. त्या वासात विजेच्या तारांची गुणगुण, सकाळच्या दवात ओला झालेला गेरू, आणि डेलियाच्या पानांचा तो कडवट, हिरवा, हाताला चिकटून राहणारा दर्प. डेलियाच्या फुलाला वास नसतो. पानांनाच असतो. हे मला फार न्याय्य वाटत असे.

एका देठावर तीन कळ्या येतात. बाजूच्या दोन नखाने खुडायच्या, म्हणजे मधली बशीएवढी फुलते. आई म्हणे, "सुधे, चल, कळ्या खुडायच्यात." मी पंधरा-सोळा वर्षांची आणि मामाची शिष्या. मी म्हटले, "ही भांडवलशाही झाली. एकाला पोसायला दोघांचा बळी."

"बरं," आई म्हणाली, "त्या कडेच्या कुंडीत तू समता आण."

मी आणली. त्या कुंडीत पुष्कळ फुले आली, कोटाच्या बटणाएवढी, जराशी एका अंगाला कललेली. मी माघार घेतली नाही, आजही घेत नाही. बटणाएवढी का होईना, सगळी फुलली होती.

हे कंद आईला कल्याणला मिळाले होते. अण्णा तिथे असिस्टंट होते तेव्हा रेल्वे कॉलनीत एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरची बायको राहत असे. सगळे तिला मडम म्हणत. इंग्रज गेले आणि मागोमाग तिचाही संसार पेट्यांत भरला गेला. जाण्याआधी तिने बिस्किटांच्या डब्यात वाळू घालून कंद आईला दिले. आईला इंग्रजी येत नव्हते आणि मडमेचे हिंदी धोब्यापुरते. दोघी अंगणात उकिडव्या बसून बोटांनी बोलल्या: खड्डा एवढा, डोळा वर, पाणी इतकेच. मडमेने जातींची नावे सांगितली असतील, पण ती आईपर्यंत पोचली नाहीत. तिने आपली ठेवली. मडमेचा लाल. हळदी. आणि सर्वांत लाडका दुरंगी, जांभळ्या पाकळीला पांढरे टोक, दुधात बुडवून काढल्यासारखे. दुरंगीची एकच कुंडी होती.

मामा म्हणे, "मडम गेली, शेपूट ठेवून गेली." आई त्याच्या पायांकडे बघून म्हणे, "आणि हे बूट रे कुणाचे?"

जवळच्या गावातल्या आगरी बायका आमच्या विहिरीवर पाण्याला येत. त्या कळशी टेकवून डेलियांकडे बघत राहत. त्यांतली एक एकदा आपल्या अंबाड्याला हात लावून म्हणाली, "वयनी, वास नाय, देवाला चालं नाय, आंबाऱ्यान मावं नाय. मंग लावताव कशाला?"

"बघायला," आई म्हणाली.

ती हसली, दुसरीला कोपराने ढोसून म्हणाली, "बगाला!" आणि पुढच्या खेपेला आपल्या सासूला दाखवायला घेऊन आली.

नुसते बघण्यासाठी काही असावे, हे मला तेव्हा पटत नसे. पत्रकांत भाकरी होती, घर होते, कामाचे तास होते. फूल कुठेच नव्हते. आता मी स्वतः पत्रके लिहिते, आणि त्यांतही ते नाही. कुठल्या मागणीखाली घालावे ते सुचत नाही.

पण मला सांगायची आहे ती तपासणीची गोष्ट. पौषात रेल्वेचा वरचा साहेब तपासणीला येई. त्याचा स्वतःचा डबा असे, सलून म्हणत त्याला. ते एकेका स्टेशनाच्या बाजूच्या रुळावर उभे राही आणि साहेब उतरून दप्तर, दिवे, संडास आणि बाग बघे. आमच्या लाइनीवरच्या लहान स्टेशनांनी यावर एक तोड काढली होती. साहेब एके ठिकाणी तपासणी आटोपून सलूनमध्ये जेवायला किंवा चहाला बसला की तिथल्या कुंड्या फलाटाच्या पलीकडच्या बाजूने मालगाडीत चढत, आणि त्याच्या आधी पुढच्या स्टेशनावर जाऊन रांगेत उभ्या राहत. तिथून पुढे पुन्हा तसेच. साहेब घाटापर्यंत त्याच फुलांचे कौतुक करीत जाई. मास्तर लोक टेलिफोनवर एकमेकांना विचारीत, "पाहुण्या निघाल्या का?"

मी चिडत असे. "हे ढोंग आहे, आई. साहेबाला फसवायचं आणि त्यालाच सलाम करायचा."

आई कुंडीच्या काठाला चुना लावत असे. "घरी पाहुणे आले की शेजारच्या कपबशा आणतो, ते ढोंग का गं?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं ते उद्या लिहून दाखव. आता हा ब्रश धर."

पुढच्या स्टेशनचे दातार मास्तर मात्र मला आदर्श वाटत. ही गोष्ट ज्या वर्षीची, त्याच्या आदल्या वर्षी ते तिथे नवीन आले होते आणि त्यांनी कुंड्या घ्यायला नकार दिला होता. "जे आहे ते दिसू दे," म्हणाले. त्यांच्या स्टेशनाला विहीर नव्हती, पाणी गाडीने टाकीतून येई आणि ते प्यायलाच पुरत नसे. खडक आणि त्यावर वाळलेले गवत, एवढी त्यांची बाग. साहेबाने ती बघितली आणि बजावले की स्टेशनची निगा नाही, पुढच्या तपासणीतही हेच दिसले तर बदली, आणि तीही पार भुसावळच्या पलीकडे.

त्या पौषात दातार स्वतः आमच्या दारात आले. टोपी हातात. त्यांच्या पत्नीला, सुशीलाकाकूंना, लग्नानंतर दहा वर्षांनी दिवस राहिले होते. आठवा लागला होता. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी हालचाल करायची नाही, प्रवास तर नाहीच, असे सांगितले होते.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "या वर्षी कुंड्या मिळतील का?"

आई हो म्हणायच्या आत मी म्हणाले, "काका, तुम्ही तर म्हणाला होता, जे आहे ते दिसू दे."

ते माझ्यावर रागावले नाहीत. "म्हणालो होतो," ते म्हणाले. "तेव्हा दिसणारा मी एकटाच होतो."

मी आत जाऊन चुन्याची बादली आणली.

तपासणीच्या दिवशी सकाळपासून आईने पानापानावरचे दव पुसले. साहेब आता गोरा राहिला नव्हता. नागपूरकडचा, सावळा, उंच गृहस्थ; हॅट तेवढी जुन्या पद्धतीची. साहेबाच्या कोटाला फूल लावायची रीत होती. आईने अण्णांना दोनदा सांगून ठेवले होते की ऑफिसच्या दाराजवळच्या हळदीचे कापा, त्याला फुले पुष्कळ आहेत, एक गेलेले कळणार नाही. पण साहेब पुढ्यात उभा राहिला आणि अण्णांना हळदी म्हणजे कोणता ते आठवेना. समोर जे सर्वांत मोठे दिसले ते त्यांनी कचकन कापले.

आम्हाला ते कळले मालगाडीत. साहेब जेवायला बसला होता, अण्णा त्याच्या कारकुनाला दप्तर दाखवत होते, आणि आई आणि मी पलीकडच्या बाजूने गार्डाच्या डब्यात कुंड्या चढवत होतो. पोचवायला बहुधा खलाशी जात; त्या वर्षी आई म्हणाली, मीच जाते. काशिनाथ कुंड्यांच्या मध्ये पेंढा कोंबत म्हणाला, "वयनी, गारी हालली क आपटतील. धरून बसा." गार्ड ओळखीचे होते. "वहिनी, या सगळ्यांची तिकिटं?" त्यांनी विचारले. आई म्हणाली, "अर्धी काढा. लहान आहेत."

गाडी सुटली. आई गार्डाच्या पेटीवर बसली, दोन्ही हातांत दोन कामट्या, जत्रेत पोरांचे हात धरावेत तशा. तिच्या तोंडावर लाल डेलिया आपटत होते. मागच्या उघड्या दारातून रूळ लांब लांब जात होते. मास्तरांची बायको, जन्मभर गाड्यांच्या वेळांवर स्वयंपाक केलेली, पण बारशा-लग्नाखेरीज गाडीत न बसलेली. "अगं," ती म्हणाली, "सगळं मागे चाललंय. किती बरं वाटतं." मी तिला इतकी तरुण कधी पाहिली नव्हती. मग तिचे लक्ष गुडघ्यापाशी उभ्या असलेल्या दुरंगीकडे गेले. मधला देठ तिरपा कापलेला, पोकळ, ओला. बाजूच्या फांद्यांवर दोन लहान फुले, तीच जांभळी, तीच पांढरी टोके.

"दुरंगी कापला यांनी," ती म्हणाली. तिला वाईट कशाचे वाटले, फूल गेल्याचे की पकडले जाण्याचे, ते सांगता येणार नाही. मग म्हणाली, "भिंतीकडे तोंड करून ठेवू."

दातारांचे स्टेशन म्हणजे उन्हात ठेवलेला तवा. आम्ही कुंड्या लावल्या, दुरंगीचा कापलेला देठ भिंतीकडे फिरवला, आणि क्वार्टरमध्ये जाऊन बसलो. सुशीलाकाकू खिडकीशी पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी कुंड्यांची रांग पाहिली आणि त्यांचा चेहरा असा झाला की आईने मान वळवली. "वहिनी, थोडा वेळ तरी असतील ना?" त्यांनी विचारले. "साहेबाचा चहा होईपर्यंत?"

साहेब आला, रांगेवरून चालत गेला, आणि दुरंगीपाशी थांबला. ओळखीचा रंग दिसला की माणूस थांबतोच. तो वाकला. कोटावरच्या फुलाला त्याने हात लावला, मग कुंडी स्वतःच फिरवली.

"मास्तर," तो म्हणाला, "हे फूल मला मागच्या स्टेशनावर मिळालं. आणि त्याचा देठ तुमच्याकडे कसा?"

दातारांनी टोपी काढून हातात घेतली. खोटे बोलायची सवय नसलेल्या माणसाला ऐन वेळी ते जमत नाही. खिडकीत सुशीलाकाकूंनी गज घट्ट धरला. मी आईकडे वळले तर आई तिथे नव्हती. ती पदर दोन्ही खांद्यांवर ओढून फलाटावर निघाली होती.

"ती झाडं माझी आहेत," ती म्हणाली.

"आपण?"

"मागच्या स्टेशनच्या मास्तरांच्या घरातली."

"म्हणजे उसनी आणलीत."

"आणली तेव्हा उसनी होती," आई म्हणाली. "आता यांना दिली. घरात बाळंतपण आहे. बाईला हलायचं नाही म्हणून सांगितलंय, दिवसभर या खिडकीत बसते. समोर खडक. बघायला काहीतरी हवं."

"कायमची दिलीत?"

आईने रांगेकडे पाहिले. मडमेचा लाल, हळदी, दुरंगी. तिचा हात जवळच्या कामटीवर गेला आणि सैल झालेली सुतळी तिने आवळली. "कायमची," ती म्हणाली.

"मग पुढच्या वर्षी तुमच्या स्टेशनावर मी काय बघू?"

"चुना लावलेल्या विटा."

साहेबाच्या मागचा कारकून खोकला. साहेब हसला नाही, पण हॅट काढून त्याने कपाळ पुसले. मग दातारांना विचारले, "या झाडांना इथे पाणी कुठून घालणार?"

"इथे पाणी नाही, साहेब," दातार म्हणाले. आता त्यांचा आवाज आदल्या वर्षीचा होता. "प्यायलाही पुरत नाही. गेल्या वर्षी मी लिहून कळवलं होतं."

साहेब त्या रुक्ष उतारावरून नजर फिरवत उभा राहिला. दहा पौष तो आणि त्याच्या आधीचे साहेब इथून गेले असतील, आणि आदले वर्ष सोडले तर प्रत्येक पौषात त्यांच्यासमोर फुले होती. फुले आहेत म्हणजे पाणी असणारच. उसन्या कुंड्यांनी झाकले होते ते हे. म्हणून मी अजूनही म्हणते की ते ढोंग होते, आणि वाईट ढोंग होते. आणि हेही म्हणते की ते मोडायला माझी चीड उपयोगी पडली नाही. आईने नुसती आपल्याजवळची वस्तू दिली आणि खोटे होते ते तिथल्या तिथे खरे झाले.

दातारांची बदली झाली नाही. पाण्याची टाकी पुढे जास्त वेळा येऊ लागली. विहीर खणायला मात्र आणखी दोन वर्षे आणि युनियनचे बरेच कागद लागले, त्यांतले काही मामाने लिहिले. सुशीलाकाकूंना त्याच क्वार्टरमध्ये मुलगी झाली.

त्या दिवशी संध्याकाळच्या पॅसेंजरने आम्ही रिकाम्या हातांनी परत निघालो. आई खिडकीशी बसली होती. अधूनमधून ती तळहात नाकाशी नेई. पानांचा दर्प अजून गेला नव्हता. मी एवढे मोजत होते की घर रेल्वेचे, भांडी आजीच्या नावाची, बाग मास्तरांची, आम्ही मुले अण्णांची. आई कशालाही माझे म्हणालेली मला आठवत नव्हती. आज म्हणाली, आणि म्हणाली त्याच दमात देऊन टाकले.

आमच्या फलाटावर अण्णा उभे होते. तोवर काशिनाथकडून त्यांना आपली चूक कळली असावी, कारण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा झारी भरून आणली होती आणि ती दोन्ही हातांनी धरली होती. त्यांनी आमच्या मागे डब्यात पाहिले.

"कुंड्या?"

"तिकडेच ठेवल्या," आई म्हणाली. "त्यांना देऊन टाकल्या."

"आणि साहेब?"

"विचारत होते, झाडं कुणाची. माझी म्हटलं."

अण्णांनी मान हलवली. म्हणाले, "बरोबर आहे." गार्डाने हिरवा कंदील वर केला. अण्णा झारी घेऊन तसेच उभे होते. "मग आता या पाण्याचं काय करू?"

"घाटाकडची गाडी यायचीय ना," आई म्हणाली. "तिच्या गार्डाजवळ द्या. तिकडे नाहीये."